उंच पर्वताचं मूळ जातं कुठे? ज्वालामुखी आर्कखालच्या शिलावरणाची घडण आणि गळती

प्रश्न असा आहे: "जितका पर्वत उंच तितकं त्याचं मूळ खोल, असं बी.एस्सी.ला शिकलो. मग कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडाची शिखरं ४,४०० मीटरवर जातात आणि त्यांच्याखालचं कवच मात्र जेमतेम ३५ किलोमीटर, हे कसं? ज्वालामुखी आर्कखालचं खोल शिलावरण काळानुसार बदलतं म्हणजे नेमकं काय होतं? आणि नागपुरात राहून यावर एम.एस्सी.चा प्रकल्प होईल का?"

थोडक्यात उत्तर: मूळ, म्हणजे पर्वताखाली खोल गेलेला कवचाचा जाड भाग, होतं. ते तयार होता होताच जड होत गेलं, इतकं की खालच्या प्रावरणापेक्षाही जड झालं, आणि शेवटी गळून पडलं. वरचा ग्रॅनाइट ज्या प्रक्रियेतून तयार होतो त्याच प्रक्रियेतून खालचा हा जड गाळ तयार होतो. म्हणजे आर्क (एक पाटी दुसरीखाली जाते तिथे उभी राहणारी ज्वालामुखींची रांग) स्वतःच्या बुडाशी, शिलावरणात (कवच आणि त्याला जोडलेलं वरचं ताठ प्रावरण), स्वतःच ओझं बांधत असतो. आता सविस्तर.

आधी एक गोंधळ दूर करू, कारण नागपूरच्या विद्यार्थ्यांचा तो हमखास होतो. आपल्याकडे ज्वालामुखीचा खडक म्हटलं की डोळ्यांपुढे बर्डीची टेकडी नाहीतर गिट्टीखदान येतं. हा दख्खन ट्रॅपचा बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. तो भेगांमधून पुरासारखा पसरला. त्याच्या मागे सबडक्शन, म्हणजे एका पाटीचं दुसरीखाली जाणं, नव्हतं. त्यामुळे इथल्या बेसाल्टचे आकडे घेऊन आर्कची गणितं मांडली की सगळंच चुकतं. भारतात आजचा आर्क बघायचा तर अंदमानात: बॅरन बेट हा देशातला एकमेव जागृत ज्वालामुखी, आणि उत्तरेला नारकोंडम. जुना आर्क बघायचा तर लडाख.

आता मूळ घडतं कसं ते. समुद्रतळाची पाटी (प्लेट) खाली जाते आणि साधारण १०० किलोमीटर खोलीवर पोचेपर्यंत तिच्यातलं पाणी वरच्या प्रावरणात सुटत राहतं. पाण्यामुळे पेरिडोटाइटचा, म्हणजे प्रावरणाच्या मुख्य खडकाचा, वितळणबिंदू उतरतो आणि बेसाल्टचा रस (मॅग्मा) तयार होतो. हा रस थेट ज्वालामुखीच्या तोंडातून बाहेर येतो असं चित्र शाळेच्या पुस्तकात असतं, पण बहुतेक रस वर पोचतच नाही. कवचाच्या बुडाशी तो अडतो, थिजतो, आजूबाजूचा खडक वितळवतो, त्यात मिसळतो, पुन्हा थिजतो. हिल्ड्रेथ आणि मूरबाथ यांनी १९८८ मध्ये चिलीच्या अँडीजमधल्या ज्वालामुखींवरून ही कल्पना नीट मांडली आणि तिला 'मॅश' हे नाव पडलं. अ‍ॅनेन, ब्लंडी आणि स्पार्क्स यांनी २००६ मध्ये त्यातली उष्णतेची बाजू गणिताने दाखवली: एकामागून एक बेसाल्टचे थर घुसत राहिले की कवचाच्या तळाशी कायमचा गरम पट्टा तयार होतो, आणि सिलिकायुक्त रस तिथेच वेगळा होतो.

लोणी कढवताना काय होतं ते आठवा. तूप वर येतं, बेरी तळाशी बसते. ग्रॅनाइट-अँडेसाइट हे तूप. पायरॉक्सीन, हॉर्नब्लेंड, गार्नेट ही जड खनिजं आणि थोडी ऑक्साइडं ही बेरी. फरक इतकाच की कढईचा तळ पक्का असतो, आर्कचा तळ पक्का नसतो.

बेरी किती, हा हिशेब कागदावर करून बघाच. त्याशिवाय या विषयाचं वजन कळत नाही. प्रावरणातून आलेल्या रसात सिलिका ५० टक्के धरा. खंडीय कवचात सरासरी सुमारे ६० टक्के. खाली राहिलेल्या बेरीत ४४ टक्के धरा. ५० चे ६० आणि ४४ असे भाग पाडायचे तर ६० वाला भाग साडेसदतीस टक्के येतो आणि ४४ वाला साडेबासष्ट. म्हणजे वजनाने एक भाग ग्रॅनाइटमागे एक पूर्णांक दोन तृतीयांश भाग बेरी. वरचा ग्रॅनाइटी भाग ३० किलोमीटर जाड आणि घनता २.७५ (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) धरली, बेरीची घनता ३.४५ धरली, तर बेरीची जाडी सुमारे ४० किलोमीटर निघते. बेरीत सिलिका ४४ ऐवजी ४६ धरली तर हेच प्रमाण एकास अडीचवर जातं. आकडा थोडा हलवला की उत्तर बरंच हलतं, हे लक्षात ठेवा. पण कुठल्याही समंजस आकड्याने बेरी ग्रॅनाइटपेक्षा कमी निघत नाही. आणि जगात कुठेही आर्कखाली एवढी बेरी शाबूत सापडत नाही. अलास्कातल्या टॉकीटना या ज्युरासिक आर्कचा तळ उघडा पडला आहे. तिथे पायरॉक्सेनाइटचा (मुख्यतः पायरॉक्सीनच्या खडकाचा) थर आहे, पण हिशेबाने जितका हवा त्याच्या तुलनेत अगदीच किरकोळ. राहिलेला कुठे गेला, हाच मूळ प्रश्न.

जड म्हणजे किती जड, हे हाताने अनुभवता येतं. खडकाचा ताजा, न कुजलेला तुकडा घ्या. हवेत वजन करा, मग दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवून वजन करा. तुकडा भांड्याच्या तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका आणि पृष्ठभागाला चिकटलेले बुडबुडे ब्रशने काढा. हवेतलं वजन भागिले दोन्ही वजनांतला फरक म्हणजे घनता. घट्ट बेसाल्टचा तुकडा हवेत ६२० ग्रॅम आणि पाण्यात ४०८ ग्रॅम भरला, तर घनता २.९२. तेवढ्याच वजनाचा गार्नेट पायरॉक्सेनाइट पाण्यात सुमारे ४४१ ग्रॅम भरेल: घनता ३.४६. प्रावरणातला पेरिडोटाइट ३.३ च्या आसपास. म्हणजे आर्कच्या बेरीचा तुकडा प्रावरणाच्या पेरिडोटाइटपेक्षाही जड. (बेसाल्ट निवडताना पोकळ्यांमध्ये झिओलाइट हे हलकं खनिज भरलेला घेऊ नका; घनता २.६-२.७ दिसेल आणि तराजू बिघडला असं वाटेल.)

सगळा खेळ गार्नेटचा आहे. बेसाल्टी रचनेचा खडक उथळ खोलीवर थिजला तर प्लॅजिओक्लेज (हलकं फेल्डस्पार खनिज) आणि पायरॉक्सीनचा गॅब्रो होतो, घनता २.९ ते ३.०. तोच खडक साधारण १ गिगापास्कल दाबाच्या पुढे, म्हणजे ३५ किलोमीटरच्या खाली, गरम राहिला तर प्लॅजिओक्लेज खलास होत जातं आणि गार्नेट वाढतं. गार्नेट ग्रॅन्युलाइट (खोलवर, उच्च तापमानात बदललेला खडक) ३.१ ते ३.३, आणि प्लॅजिओक्लेज पूर्ण गेलं की ३.४ ते ३.६. म्हणून कवच जाड होणं हीच पहिली अट. आर्क ३५ किलोमीटरपेक्षा पातळ असेल तर बेरी जड होतच नाही, ती नुसती गॅब्रो म्हणून पडून राहते. महासागरातले बरेच तरुण द्वीप-आर्क याच अवस्थेत आहेत.

आर्कचा रस पाण्याने भरलेला असतो, म्हणून सुरुवातीला गार्नेटपेक्षा हॉर्नब्लेंड जास्त जमतं. हॉर्नब्लेंड असलेला खडक पुढे तापला की त्यातलं पाणी सुटतं, थोडा ग्रॅनाइटी रस बाहेर पडतो आणि मागे गार्नेट उरतं. हे बघायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे पाकिस्तानातलं कोहिस्तान, सिंधूच्या खोऱ्यात काराकोरम महामार्गालगत जिजालपासून पट्टणपर्यंत. खाली ड्यूनाइट, वेहरलाइट (हे पेरिडोटाइटचेच प्रकार), पायरॉक्सेनाइट आणि त्यावर गार्नेट ग्रॅन्युलाइट, असा जुन्या आर्कचा तळ तिथे आडवा पडला आहे. त्याने सुमारे १.५ गिगापास्कल दाब सोसला आहे. पट्टणजवळच्या खडकात एकाच उघड्या भागात एका बाजूला हॉर्नब्लेंड गॅब्रोनोराइट (गॅब्रोचाच एक प्रकार) आणि दुसऱ्या बाजूला लालसर गार्नेट ग्रॅन्युलाइट दिसतो. दोघांमधली सीमा नागमोडी, फांद्या फुटल्यासारखी, आणि काही ठिकाणी गार्नेटच्या पट्ट्याच्या मधोमध पांढरी बारीक शीर. ती शीर म्हणजे निसटलेल्या रसाची वाट. हलक्या खडकाचं जड खडकात रूपांतर होताना अर्ध्यावर थांबलेलं ते चित्र आहे. आपल्याला तिथे जाणं शक्य नाही, पण कोहिस्तानचाच पूर्वेकडचा भाग म्हणजे लडाख. तिथे मात्र खोल तळ नाही, वरचा ग्रॅनाइट आणि द्रासचे ज्वालामुखी खडक आहेत. लेहजवळ गार्नेट ग्रॅन्युलाइट शोधत फिरू नका.

आता जड झालं म्हणजे लगेच पडलं, असं नाही, आणि इथेच निबंधांमध्ये सगळ्यात जास्त घाई दिसते. पडण्यासाठी वजनासोबत मऊपणाही लागतो. अंदाज असा करा: घनतेचा फरक १५० किलो प्रति घनमीटर, थराची जाडी १० किलोमीटर, गुरुत्व ९.८. गुणाकार सुमारे दीड कोटी पास्कल. खडकाची श्यानता (वाहायला होणारा विरोध) १० चा २१ वा घात पास्कल-सेकंद धरली आणि भागलं, तर सुमारे २१ लाख वर्षं येतात. हा मूळ काळ. थर खरोखर लोंबू लागायला याच्या ५ ते १० पट वेळ लागतो, म्हणजे १ ते २ कोटी वर्षं. श्यानता एका घाताने कमी केली तर १० ते २० लाख वर्षं. ती १० चा २३ वा घात केली तर शंभर-दोनशे कोटी वर्षं, म्हणजे व्यवहारात कधीच नाही. आणि श्यानता तापमानावर प्रचंड अवलंबून असते. ढोबळ मानाने मोहोजवळ (कवच आणि प्रावरण यांच्या सीमेजवळ) ७०० अंश सेल्सियसच्या वर तापमान हवं. जिवंत आर्कखाली ते सहज असतं. आर्क विझला, तळ थंड झाला, की तीच जड बेरी गोठून जागच्या जागी अडकते. म्हणून गळती होते ती बहुतेक आर्क चालू असताना किंवा त्यानंतर तळ पुन्हा तापला तर. सिएरा नेवाडाचं उदाहरण या दुसऱ्या प्रकारचं आहे.

सिएराचा ग्रॅनाइट मुख्यतः क्रिटेशस काळातला. १० ते ८.५ कोटी वर्षांपूर्वी तिथे रसाचा मोठा लोंढा आला. बेरीचे तुकडे नंतरच्या लाव्हाने वर आणले. यांना झेनोलिथ म्हणतात. ड्यूसिया आणि सॅलीबी यांनी १९९६ आणि १९९८ मध्ये दाखवलं ते असं: सुमारे ८० लाख ते १.२ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हांमध्ये, बिग क्रीकसारख्या ठिकाणी, भरपूर गार्नेट पायरॉक्सेनाइट सापडतो. ३५ लाख वर्षांपेक्षा तरुण लाव्हांमध्ये, बिग पाइनसारख्या ठिकाणी, तो गायब. त्याऐवजी गरम, गार्नेट नसलेला पेरिडोटाइट. गार्नेटचं वय मोजलं तर ते वरच्या ग्रॅनाइटशी जुळतं. मध्ये, साधारण ३५ लाख वर्षांपूर्वी, पोटॅशियमने भरलेल्या लाव्हाचा एक छोटा झटका. तूप, बेरी आणि बेरी पडल्याची वेळ, तिन्ही एकाच डोंगरात. मूळ प्रश्नातले ३५ किलोमीटर इथून आले.

जमिनीवर याचा परिणाम किती? २० किलोमीटर जाडीचा, प्रावरणापेक्षा १५० किलोने जड थर पडला तर समस्थितीच्या (कवच प्रावरणावर तरंगतं त्या समतोलाच्या) हिशेबाने जमीन सुमारे ९०० मीटर वर यावी. पडलेल्या जागी येणारं प्रावरण गरम, म्हणून हलकं. त्याने आणखी थोडी भर. पण पडण्याआधी लोंबणारं ओझं जमीन खाली ओढत असतं. त्यामुळे पठाराच्या मधोमध, कारण नसल्यासारखं खोरं तयार होतं आणि मग तेच उचललं जातं. अर्जेंटिनाच्या पुना पठारावरचं अरिसारो खोरं या नजरेने वाचलं जातं. के या भूवैज्ञानिक दाम्पत्याने १९९३ मध्ये पुनाच्या दक्षिण भागातले बेसाल्ट याच गळतीशी जोडले. तिथे कवच उत्तरेकडच्या अल्टिप्लानोपेक्षा पातळ आहे, पठार मात्र उंच. अल्टिप्लानोखाली कवच ७० किलोमीटरपर्यंत जातं.

गळतीचे दोन ढंग सांगतात. एक थेंबासारखा: जड थर जागोजागी फुगतो आणि टपकतो. दुसरा सालीसारखा: एका कडेने शिलावरण सुटतं आणि पूर्ण थर सोलत जातो, बर्डने १९७९ मध्ये हा मांडला. लिहिताना 'डिलॅमिनेशन' (थर सोलून निघणं) हा शब्द दोन्हींसाठी सर्रास वापरला जातो. ते टाळा. थेंब असेल तर उंची आणि ज्वालामुखी छोट्या गोल भागात दिसतात. साल असेल तर ते एका दिशेने सरकत जातात. नकाशावर वयं मांडली की बरेचदा कळतं.

डेसेलेस, ड्यूसिया आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलं की उत्तर आणि दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे आर्क २.५ ते ५ कोटी वर्षांच्या फेऱ्यांमध्ये चालतात: कवच दाटतं, रसाचा लोंढा येतो, बेरी जमते, पडते, पुन्हा सुरुवात. कल्पना सुरेख आहे. पण फेरी दिसली की तिला गळती जोडायची घाई करू नये; पाटीचा वेग, कोन आणि वरून किती खडक खाली ढकलला गेला, यांनीही लोंढे येतात.

आता प्रकल्प. नागपुरात राहून सगळ्यात शक्य काम म्हणजे रसायनशास्त्रावरून प्राचीन कवचाची जाडी काढणं. तत्त्व सोपं आहे. गार्नेट इट्रियम आणि यटर्बियम धरून ठेवतं. प्लॅजिओक्लेज स्ट्रॉन्शियम धरतं. खोल तळाशी गार्नेट आहे आणि प्लॅजिओक्लेज नाही, तर वरच्या रसात स्ट्रॉन्शियम जास्त, इट्रियम कमी. पातळ आर्कमध्ये स्ट्रॉन्शियम-इट्रियम गुणोत्तर २० च्या खाली, जाड अँडीजमध्ये ४० च्या वर जातं. जिओरॉक या खुल्या माहितीसाठ्यातून हजारो विश्लेषणं मिळतात. पण गाळणी लावल्याशिवाय एकही आलेख काढू नका: सिलिका साधारण ५५ ते ७० टक्के, मॅग्नेशियम ऑक्साइड फार जास्त नको, रुबिडियम-स्ट्रॉन्शियम गुणोत्तर फार जास्त असलेले अतिविभेदित नमुने बाहेर. एका खडकावरून जाडी सांगू नका. एका ठिकाणच्या, एका वयाच्या दहा-वीस नमुन्यांचा मध्यक घ्या.

काय बिघडतं, ते यापेक्षा महत्त्वाचं.

स्वतःचे ग्रॅनाइट नमुने आम्लात विरघळवून तपासले तर झिरकॉन विरघळत नाही. भांड्याच्या तळाशी डोळ्यांनाही न दिसणारे दाणे राहतात, आणि त्यांच्यात यटर्बियम कोंडलेलं असतं. यंत्र कमी यटर्बियम दाखवतं, लँथॅनम-यटर्बियम गुणोत्तर (जाडीसाठी हेही वापरतात) फुगतं आणि ३० किलोमीटरचं कवच कागदावर ६० चं होतं. उपाय: लिथियम मेटाबोरेटबरोबर वितळवून मग विरघळवणं, किंवा बंद दाबपात्र. तपासणी सोपी आहे. त्याच नमुन्याचं झिर्कोनियम (झिरकॉनमधलं मुख्य मूलद्रव्य) एक्सआरएफवर, म्हणजे नमुना न विरघळवता क्ष-किरणांनी मोजणाऱ्या यंत्रावर, काढा. विरघळवलेल्या द्रावणात ते बरंच कमी आलं तर झिरकॉन मागे राहिलं.

दुसरं, प्लॅजिओक्लेजचे दाणे एका जागी साचले तरी स्ट्रॉन्शियम वाढतं. युरोपियमची धन विसंगती (शेजारच्या मूलद्रव्यांच्या मानाने युरोपियम जास्त) दिसली तर तो नमुना वगळा. तिसरं, हॉर्नब्लेंडही इट्रियम धरतं, म्हणून उंच स्ट्रॉन्शियम-इट्रियम म्हणजे गार्नेटच, असं नाही. हॉर्नब्लेंड मधल्या वजनाची दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं जास्त ओढतं, त्यामुळे ही मूलद्रव्यं हलक्यापासून जडपर्यंत मांडलेल्या आलेखाच्या मध्यावर खळगा पडतो. गार्नेटमुळे उतार शेवटपर्यंत सरळ खाली जातो. डिस्प्रोशियम-यटर्बियम गुणोत्तर सिलिकासोबत वाढतं की घटतं ते बघा. वाढलं तर गार्नेट, घटलं तर हॉर्नब्लेंड. नारकोंडमच्या लाव्हांमध्ये हॉर्नब्लेंड डोळ्यांना दिसतं. तिथला आकडा वाचताना हे विसरलात तर अंदमानखाली अँडीज उभा कराल.

झेनोलिथच्या प्रकाशित विश्लेषणांवर दाब-तापमान काढणार असाल तर दोन गोष्टी. पायरॉक्सीनच्या दाण्यात वेगळ्या झालेल्या पातळ पट्ट्या असतील तर बारीक किरणाने घेतलेलं विश्लेषण थंड झाल्यानंतरचं तापमान देतं. १०-२० मायक्रॉनच्या पसरट किरणाने, पट्ट्यांसकट सरासरी घेतलेली विश्लेषणंच वापरा. आणि गार्नेटभोवती केलिफाइटची (गार्नेट मोडून झालेल्या बारीक खनिजांची) काळपट किनार असेल तर ती वर येतानाची आहे, तिचा दाब म्हणजे खोलीचा दाब नव्हे. सगळं नीट करूनही ०.२ गिगापास्कलची चूक गृहीत धरा, म्हणजे ७ किलोमीटर. त्याहून बारीक फरकावर निष्कर्ष बांधू नका.

भूकंपलहरींच्या लोकांशी बोलताना एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. गार्नेट पायरॉक्सेनाइटमधून प्राथमिक लहरींचा वेग सेकंदाला ८ किलोमीटरच्या आसपास, पेरिडोटाइटइतकाच. म्हणजे रचनेने ती कवचाची बेरी असली तरी लहरींना ती प्रावरण वाटते. लहरी ज्याला मोहो म्हणतात त्याच्या खाली कवचाचा जड भाग अजून लटकत असू शकतो. जागूट्झ आणि बेन यांनी २०१३ मध्ये कोहिस्तानवरून हाच मुद्दा पुढे नेला: आज खंडांखाली जो स्वच्छ मोहो दिसतो तो बेरी पडून गेल्यामुळेच तिथे आहे. म्हणून फक्त 'मोहो ३५ किलोमीटरवर आहे' एवढ्यावरून गळती झाली असं म्हणू नका. सिएराच्या पश्चिमेला, कॅलिफोर्नियाच्या मोठ्या मध्य खोऱ्याच्या दक्षिण भागाखाली, जलद वेगाचा एक मोठा गोळा दिसतो. त्याला इसाबेला विसंगती म्हणतात. बरेच जण त्याला सिएराची पडलेली बेरी मानतात, तर काही जण म्हणतात तो किनाऱ्याखाली अडकलेल्या जुन्या मॉन्टेरे सूक्ष्मपाटीचा तुकडा आहे. झेनोलिथ सांगतात की बेरी गेली. गोळा नक्की तीच बेरी आहे की नाही, हा वेगळा प्रश्न. दोन पुरावे एकमेकांना चिकटवताना मध्ये ही फट राहू द्या.

स्थानिक खडकांवर काही करायचं असेल तर भंडारा-बालाघाट पट्ट्यातले ग्रॅन्युलाइट आहेत. त्यात मॅफिक ग्रॅन्युलाइटही आहेत आणि नागपूरहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. पण ते मध्य भारतातल्या प्रोटेरोझोइक, म्हणजे फार प्राचीन, भूखंड-टक्करीतले आहेत. त्यांना आर्कची बेरी म्हणण्याआधी दोन गोष्टी दाखवाव्या लागतील: गार्नेट वाढायच्या आधीची मूळ रचना आर्कच्या गॅब्रोची होती, आणि गार्नेट टक्करीच्या दाबाने नव्हे तर आर्कच्या तळाशी असतानाच वाढलं. दुसरी सिद्ध करायला गार्नेटचं वय लागतं, ते एम.एस्सी.च्या एका वर्षात बसणार नाही. पहिली मात्र बसते, आणि पाण्यातल्या तराजूवर घनता मोजायला तर एक दुपार पुरते. वीस नमुने, प्रत्येकी तीन मोजमापं, गार्नेटच्या टक्केवारीविरुद्ध घनतेचा आलेख. कुजलेली साल छिनीने काढून मगच तोला. नाहीतर उघड्यावर पडलेल्या मॅफिक ग्रॅन्युलाइटची घनता ०.१ ने सहज कमी भरते, आणि या विषयात ०.१ म्हणजे तरंगणं आणि बुडणं यांतला फरक.